नळी कशाची घ्यावी?

आमचं पाथरीला पाईपाचं दुकान आहे हे मी फर्स्ट इयरला सगळ्यांसमोर सांगून बसलो. तेव्हापासून हॉस्टेलमध्ये जिथे म्हणून काही गळतं, तुंबतं किंवा निखळतं तिथे मला बोलावणं येतं. कूलरचा पंप, बाथरूमचा नळ, मेसच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, सगळं करून झालं. त्यामुळे थर्ड इयरला दिवाळीच्या सुट्टीआधी शेजारच्या रूममधला मित्र येऊन म्हणाला, "यार, गावाकडून येताना हुक्क्याला एक चांगली नळी घेऊन ये ना," तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. (रेक्टर सरांसाठी: तो हुक्का आता हॉस्टेलमध्ये नाही. नळी कुठे आहे ते पुढे येईलच.)

त्याच्याकडची जुनी नळी खरोखरच बघवत नव्हती. बाहेरून लाल मखमली कापड, त्याच्या आत गुंडाळलेलं चामडं, आणि चामड्याच्या आत तारेचं लांबलचक स्प्रिंग. धुवावी तर तार गंजते, न धुवावी तर वास मारते. झटकली की तोंडाच्या बाजूने तांबूस पूड पडायची. दोन ठिकाणी ती चिरलेली होती, तिथे पठ्ठ्याने इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. नवी ऑनलाइन मागवावी तर पार्सल गेटवर वॉचमनकाकांसमोर उघडावं लागतं. म्हणून घरगुती नळी, आणि म्हणून मी.

मी स्वतः हुक्का ओढत नाही. पण प्रश्न मला आवडला हे कबूल करतो. मटेरियल सायन्सच्या पेपरात 'योग्य पदार्थाची निवड' यावर आपण चार-चार पानं लिहितो आणि प्रत्यक्षात कधी काही निवडत नाही. इथे सगळ्या अटी समोर होत्या. नळी वाकली पाहिजे पण घडी पडून बंद होता कामा नये, धुता आली पाहिजे, तिला स्वतःचा वास नको, ओढताना दम लागता कामा नये, आणि मुख्य म्हणजे तिच्या अंगातलं काही धुरात उतरता कामा नये.

आमच्या भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं. ऊस आणि कापूस दोन्ही होतात, त्यामुळे दुकानात सगळ्यात जास्त माल ठिबकचा. त्याखालोखाल बागेचे पाईप, गॅसच्या नळ्या आणि गवंड्यांचा लेव्हल पाईप. मी एकेक वेटोळं काढून वास घेत बसलो तेव्हा अण्णांनी गल्ल्यावरून विचारलं, "कामून रे, काय हुंगायलास?"

"लॅबला नळी पायजे अण्णा."

"लॅबला पायजे तर मोजून घेऊन जाय. कॉलेजला फुकट नाही."

पहिला उमेदवार लेव्हल पाईप. पारदर्शक, स्वस्त, वाकतो छान, आतली घाण बाहेरून दिसते. हॉस्टेलच्या पोरांची पहिली नजर यावरच जाते. हा पीव्हीसीचा असतो, आणि पीव्हीसी मुळात कडक पदार्थ आहे (घरातल्या पाण्याचे पांढरे पाईप आठवा). त्याला मऊ करायला त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. अनेक दशकं यासाठी सर्रास वापरलं गेलेलं रसायन म्हणजे डीईएचपी, थॅलेट वर्गातलं. मऊ पाईपमध्ये प्लास्टिसायझरचं प्रमाण वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असू शकतं. गोम अशी की हे द्रव्य पीव्हीसीच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं मध्ये शिरून बसलेलं असतं. त्यामुळे ते हळूहळू बाहेर येतं, आणि तेलकट किंवा चरबीयुक्त पदार्थ आतून जात असेल तर जास्त येतं. हुक्क्याच्या नळीत आतून डांबराचा चिकट थर बसतो हे लक्षात घ्या. युरोपियन युनियनने २००५ च्या कायद्याने लहान मुलांच्या खेळण्यांत डीईएचपी ०.१ टक्क्याच्या वर चालणार नाही असं ठरवलं. लेव्हल पाईप खेळणं नाही आणि तोंडात धरायची वस्तूही नाही, त्यामुळे तो तसल्या हिशेबाने बनवलेलाच नसतो. (गवंडी पाणी भरताना तो तोंडाने ओढतात ती गोष्ट वेगळी.)

मित्राची मुख्य भीती मात्र निराळीच होती: "गरम धुराने वितळणार नाही ना?" ही भीती फुकट आहे. धूर नळीत शिरायच्या आधी पाण्यातून बुडबुडे होऊन येतो, तिथेच त्याची उष्णता निघून जाते. नळीत पोचतो तो जवळजवळ खोलीच्या तापमानाचा धूर. पीव्हीसी ६० अंश सेल्सिअसपर्यंत आरामात राहतं. तेव्हा नळीच्या बाबतीत उष्णतेचा निकष जवळपास सोडून दिला तरी चालतो. निखारा वरून नळीवर किंवा गादीवर पडला तर गोष्ट वेगळी, कारण धगधगत्या कोळशाचं तापमान कित्येक शे अंश असतं. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागून १४ माणसं गेली, तेव्हा चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांचाच उल्लेख आला होता. त्यानंतर २०१८ साली महाराष्ट्राने कायदा करून हुक्का पार्लर बंद केले. आपल्या रूममध्ये गाद्या, पडदे, जर्नलांचे गठ्ठे आणि आतून कडी, असा सगळा सरंजाम असतो.

दुसरा उमेदवार ठिबकची लॅटरल. ही पॉलिइथिलीनची. तिला मऊ करायला प्लास्टिसायझर लागत नाही, काळा रंग उन्हापासून बचावासाठी घातलेल्या दोनेक टक्के कार्बन ब्लॅकचा. रसायनाच्या दृष्टीने लेव्हल पाईपपेक्षा पुष्कळ सोज्वळ. पण वाकायला नाठाळ. जरा जास्त वळवली की घडी पडते आणि एकदा पडलेली घडी कायमची. शिवाय वेटोळ्यात राहिल्यामुळे तिला वेटोळंच आठवतं. मांडीवर ठेवली तरी उसळून दुसऱ्याच्या तोंडावर जाते.

गॅसची नारिंगी सुरक्षा ट्यूब एका ज्युनिअरने सुचवली होती, आणि खरंच काही ठिकाणी ती वापरतात असं ऐकलं. ती शेगडीचा गॅस गळू नये म्हणून बनवलेली, आत तारेची जाळी असलेली रबरी नळी. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक आणि इतर बरीच रसायनं घालतात, म्हणून नव्या नळीला तो उग्र वास असतो. गॅस वाहायला तो वास आड येत नाही, तोंडाने ओढायला येतो.

सलाईनची नळी मी वासासाठी नव्हे तर गणितासाठी बाद केली. हे गणित सेकंड इयरच्या फ्लुइडचंच आहे, आणि या लेखातला मला सर्वात आवडणारा भाग हाच, तेव्हा जरा सहन करा. हुक्क्याचा एक झुरका साधारण अर्धा लिटर धुराचा आणि अडीच-पावणेतीन सेकंदांचा असतो. म्हणजे प्रवाह सेकंदाला सुमारे ०.२ लिटर. ८ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत वेग येतो सेकंदाला ४ मीटर, रेनॉल्ड्स अंक २१०० च्या आसपास, म्हणजे लॅमिनारच्या अगदी काठावर. पॉइझ्वीचं समीकरण लावलं तर दीड मीटर लांबीत दाब पडतो सुमारे ५४ पास्कल, म्हणजे पाण्याच्या साडेपाच मिलिमीटर उंचीइतका. हुक्क्याची दांडी पाण्यात तीनेक सेंटिमीटर बुडालेली असते, म्हणजे बुडबुडा काढायलाच ३० मिमी लागतात. त्यापुढे नळीचे साडेपाच म्हणजे किरकोळ. पण हा दाब व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सलाईनची नळी आतून जेमतेम ३ मिमी धरली, तर तेच उत्तर पन्नास पट होतं, पाण्याच्या पावणेतीनशे मिलिमीटरच्या वर! आणि इतक्या बारीक नळीत प्रवाह टर्ब्युलंट होतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. फुफ्फुसं दुखायला लागतील. उलट १२ मिमी घेतली तर दाब एक मिलिमीटर. म्हणजे ८ च्या पुढे जाऊन फारसा फायदा नाही, नळी फक्त जड होते. वॉशिंग मशीनची घड्याघड्यांची नळी सुचवणाऱ्यांनी मात्र आत डांबर साठायला प्रत्येक घडीत किती सोय आहे ते एकदा टॉर्च मारून बघावं.

शेवटी निवड झाली सिलिकॉनची. तिचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, मऊपणा अंगचाच, प्लास्टिसायझरची गरज नाही, २०० अंशांपर्यंत काही होत नाही, पाण्यात उकळून धुता येते. आमच्या दुकानात ती नव्हती. परत येताना परभणीला लॅबच्या सामानाच्या दुकानातून ८ मिमीची दीड मीटर घेतली. अण्णांकडून दोन क्लिपा, त्याही पैसे देऊन. रूमवर आल्यावर नळीचं एक टोक बोटाने दाबून ती बादलीत बुडवली आणि दुसऱ्या टोकाने फुंकलं. एक बुडबुडा आला नाही. जुन्या नळीवर तीच चाचणी केली तर बादलीला उकळी फुटल्यासारखं झालं, सगळ्या अंगातून बुडबुडे. सगळे हसले. मलाही आपण इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं.

इथे थोडं मागे जातो. आमच्या घरी माळ्यावर पणजोबांची गुडगुडी आहे. नारळाची, वेळूची सरळ नळी असलेली. नळीतल्या गाठी तापलेल्या सळईने फोडलेल्या आहेत. गरिबाची नळी अशीच असायची. श्रीमंतांच्या हुक्क्याला लांब वळणारी नळी असे, तिला सटक किंवा पेचवान म्हणत. तिच्यात तारेचं वेटोळं, त्यावर भूर्जपत्राची साल किंवा चामडं, त्यावर कापड किंवा रेशीम. खालचं भांडं बिदरी कामाचं, म्हणजे जस्तात थोडं तांबं घालून ओतलेलं आणि चांदीच्या तारेने मढवलेलं. बिदर आणि पाथरी दोन्ही १९४८ पर्यंत एकाच निजामाच्या राज्यात होती. त्याहून मागे गेलं तर १६०४ च्या सुमाराला अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतताना बादशहासाठी तंबाखू आणि ओढायची नळी घेऊन गेला. ती नळी कशी होती हे त्याने लिहून ठेवलं आहे: सुमात्रातल्या अचीनहून आलेली, तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्नं आणि मिनाकाम, तोंडाला येमेनच्या अकीकाचा खडा. दरबारातल्या हकिमाने तेव्हाच बादशहाला हे ओढू नका म्हणून सांगितलं होतं. अकबराने तरी थोडी ओढून पाहिली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की चामडं, साल, कापड या सगळ्या नळ्या गळक्या होत्या, आणि दख्खनेत चारशे वर्षांत गळणारी नळी हा दोष कोणाला फारसा वाटला नव्हता. तो दोष मी दूर केला.

डिसेंबरमध्ये सबमिशन संपलं त्या रात्री शेजारच्या रूममध्ये चौघं बसले. थंडी होती म्हणून खिडकी लावलेली. 'डबल अॅपल' फ्लेवर, दोन कोळसे, माझी नवी नळी. ओढायला एकदम हलकी म्हणून तिचं कौतुकही झालं. तासाभराने नळी मागवणाऱ्या मित्राचं डोकं ठणकायला लागलं. मग मळमळ. आम्हाला वाटलं मेसची पनीरची भाजी. तो उठायला गेला तर पाय लटपटले आणि तो कपाटाला धरून खाली बसला. कोविडच्या काळातला ऑक्सिमीटर हॉस्टेलमध्ये होता, तो बोटाला लावला. ९८! आम्ही निवांत झालो, त्याला झोपवावं असंही ठरत होतं. एकाने नको म्हटलं आणि गाडीवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, हे नशीब. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी पेटवली होती का रे?" आणि ऑक्सिजनचा मास्क लावला.

तेव्हा कळलं की ऑक्सिमीटरचे ९८ कसे फसवतात. तो रक्ताचा रंग बघतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला की रक्त लालच राहतं, आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइडची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त. साध्या हवेत श्वास घेऊन त्यातला निम्मा बाहेर पडायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. मित्र सकाळी ठीक होता. वर चहा मागत होता.

मी मात्र ठीक नव्हतो. लायब्ररीत आणि नेटवर शोधलं तेव्हा बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या सालेह आणि शिहादेह यांचा २००८ चा शोधनिबंध सापडला, आणि विषय तंतोतंत हाच: चामड्याची नळी आणि प्लास्टिकची नळी. मशीनने झुरके घेऊन त्यांनी मोजलं. चामड्याच्या नळीतून ओढताना बरीच हवा नळीच्या अंगातूनच आत शिरते, म्हणजे तेवढी हवा कोळशावरून ओढली जात नाही. प्लास्टिकची नळी हवाबंद. तिच्यातून ओढलं तर तोंडापर्यंत येणारा कार्बन मोनॉक्साइड दुपटीच्या वर गेला. हुक्क्यातला हा वायू मुख्यतः तंबाखूचा नसून कोळशाचा असतो. निखाऱ्याला हवा अपुरी पडली की कार्बन अर्धवट जळतो, आणि वर कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशावरून जाताना पुन्हा मोनॉक्साइड होतो. (फर्नेसच्या चॅप्टरमध्ये हीच रिअॅक्शन आपण पाठ केलेली आहे.)

"पण पाणी गाळतं ना?" हा प्रश्न मला त्यानंतर किमान दहा जणांनी विचारला. तेही गणित करून ठेवलं आहे. त्याच विद्यापीठात २००५ साली एका बैठकीचा, म्हणजे १७१ झुरक्यांचा, हिशेब मोजला होता. कार्बन मोनॉक्साइड निघाला १४५ मिलिग्रॅम. एका सिगारेटचा साधारण दहा-पंधरा धरा. आता २५ अंशांना एक लिटर पाण्यात शुद्ध कार्बन मोनॉक्साइड विरघळतो सुमारे २७ मिलिग्रॅम, तोही वर नुसता तोच वायू असेल तर. धुरात त्याचं प्रमाण ०.१५ टक्क्याच्या आसपास पडतं. हेन्रीच्या नियमाने अर्ध्या लिटर पाण्यात राहील ०.०२ मिलिग्रॅम. १४५ पैकी! पाणी धूर थंड करतं, घशाला टोचत नाही, म्हणून माणूस जास्त खोल ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच लिहून ठेवलं आहे की तासाभराच्या एका बैठकीत सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत जातो.

आमच्या रूमच्या प्रकरणात दोष नळीचा किती आणि बंद खिडकीचा किती, हे मी सांगू शकत नाही. दोन व्हेरिएबल एकदम बदलले, असा प्रयोग व्हायव्हात कोणी मान्य करणार नाही. पण जुन्या गंजक्या नळीवर तोच मित्र दोन वर्षं ओढत होता आणि असं कधी झालं नव्हतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी निकष लावले ते नळीसाठी: वास, व्यास, वाक, रसायन. सगळे बरोबर होते. नळीच्या एका टोकाला कोळसा आणि दुसऱ्या टोकाला माणूस आहे, हा निकष यादीत नव्हता.

ज्युनिअर अजून येऊन विचारतात, नळी कशाची घ्यावी. वास न मारणारी हवी तर सिलिकॉन, हे उत्तर आजही तेच आहे, आणि ती जितकी चांगली तितका कोळसा जास्त ओढला जातो, हे मी त्याच वाक्यात सांगतो. चामड्याची घ्या असंही म्हणत नाही. निम्मं विष म्हणजे औषध नव्हे, आणि आत साठलेलं डांबर व चार जणांची थुंकी ती धुताही येत नाही. टीबीचा पेशंट त्या चौघांत आहे की नाही, हे नळीला कळत नाही.

हुक्क्याचं भांडं मित्राने घरी नेलं, त्याच्या आईने त्यात मनी प्लांट लावला आहे म्हणे. नळी मी तीन वेळा उकळून फ्लुइड लॅबला दिली. तिथे यू-ट्यूब मॅनोमीटरची नळी तडकलेली होती, तिला ती बरोबर बसली. अण्णांना लॅबसाठी म्हणून सांगितलं होतं, ते असं खरं झालं. सिलिकॉन वास धरून ठेवतो, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं. परवा बॅचचं प्रॅक्टिकल चालू असताना लॅबमधले काका मॅनोमीटरपाशी वाकून म्हणाले, "इथं सफरचंद कोण खाल्लं रे?"